मुलगा कुठंय?

बरेच दिवस हा विषय डोक्यात घोळतोय. दर शनिवारी चहाचा कप घेऊन लिहायला बसतो, दोन परिच्छेद होतात, मग संताप होतो आणि खिडकी बंद करतो. आज ठरवलंय की संतापासकट लिहायचं. ज्यांना शिव्या बसतील त्यांनी त्या मनाला लावून घ्याव्यात. त्यात मी स्वतःही आहे, हे आधीच सांगून ठेवतो.

तर मंडळी, विषय साधा आहे. घरात एकाला विसरण्याचा आजार आहे. ते माणूस दवाखान्यात नेलं. त्याच्यासोबत त्याचा जोडीदार आहे, जो चोवीस तास त्याच्याबरोबर असतो. आणि तिथे त्या जोडीदाराला कोणी काही विचारत नाही. डिपॉझिट भरायला विचारतात, औषधं आणायला पळवतात, सहीसाठी शोधतात. माहिती मात्र विचारत नाहीत.

आमचे बाबा नाशिकरोडच्या प्रेसमध्ये होते. नोटा छापतात ती प्रेस. तीसेक वर्षं शिफ्ट केली. २०१९ मध्ये त्यांना अल्झायमरचं निदान झालं. त्या दिवसापासून आईनं एक लांब वही घातली. तारीख, गोळी, झोप, जेवण, शौच आणि शेवटच्या रकान्यात 'विशेष'. विशेषमध्ये काय काय आहे! 'आज भोंगा झाला म्हणून डबा मागितला.' 'आरशातल्या माणसाला या बसा म्हणाले.' आणि फेब्रुवारी २०२१ मधली एक नोंद: 'सर्दीची गोळी दिली. रात्रभर भ्रम. पुन्हा देऊ नये.' ही नोंद लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मी सॉफ्टवेअरमधला माणूस. रोज लोकांना सांगतो, लॉग वाचल्याशिवाय सिस्टीमला हात लावू नका. आणि आईची वही मी चार वर्षांत एकदाही उघडली नव्हती. मला वाटायचं, आईला काळजी करायची सवय आहे, लिहिते काहीतरी. असो.

२०२३ च्या पावसाळ्यात बाबा न्हाणीघरात घसरले आणि खुब्याचं हाड मोडलं. शेजारच्यांच्या गाडीतून आईनं त्यांना दवाखान्यात नेलं. दवाखान्याचं नाव लिहीत नाही, कारण नाव बदललं तरी गोष्ट बदलत नाही असा माझा अंदाज आहे. मी गंगापूर रोडवरून निघालो, द्वारकेला नेहमीप्रमाणे अडकलो आणि तासाभरानं पोचलो. तोवर काय झालं ते आईनं नंतर सांगितलं.

तरुण डॉक्टर आले. चांगले होते, वाईट नव्हते. खाटेवरच्या बाबांना विचारलं, "आजोबा, बीपी, शुगर? काही गोळ्या चालू आहेत?"

बाबा ऐटीत म्हणाले, "छे छे, एकदम ठणठणीत. आत्ताच ड्यूटीवरून आलो."

आई म्हणाली, "अहो डॉक्टर, ह्यांना ना..."

"आजी, पेशंटला बोलू द्या."

आणि केसपेपरवर लिहिलं गेलं: चालू औषधं नाहीत. म्हणजे डोनेपेझिलची गोळी, जी आई रोज रात्री केळ्याच्या कापात घालून द्यायची, ती त्या क्षणी कागदावरून गायब झाली. जे औषध कागदावर नाही ते वॉर्डात मिळत नाही.

आता इथे एक गंमत बघा. निवृत्त होऊन पंधरा वर्षं झालेला माणूस म्हणतोय, आत्ताच ड्यूटीवरून आलो. तेवढ्यावरून तरी शंका यायला हवी होती. पण बाबांचं बोलणं इतकं ठसठशीत असायचं की समोरच्याला ते पटायचंच. अल्झायमरच्या सुरुवातीच्या आणि मधल्या टप्प्यात बऱ्याच माणसांचे शिष्टाचार शाबूत राहतात. नमस्कार, चहा घेणार का, सगळं जिथल्या तिथे. आतली फाईल उडालेली असते, फोल्डर मात्र जागेवर दिसतो.

आईनं दुसऱ्यांदा तोंड उघडलं तेव्हा प्रश्न आला, "आजी, मुलगा कुठंय? मुलाला बोलवा, त्याच्याशी बोलतो."

आणि मुलगा आला. लॅपटॉपची बॅग पाठीवर घेऊन. डॉक्टर लगेच माझ्याकडे वळले, इंग्रजी सुरू झालं. ऑपरेशन, इम्प्लांट, रिस्क, इन्शुरन्स. मीही भारदस्तपणे मान हलवली. त्यांनी विचारलं, औषधं? मी म्हणालो, बीपीची आहे बहुतेक, छोटी पांढरी. माझ्या मागे आई वही घेऊन उभी होती. तिच्याकडे डॉक्टरांनी बघितलं नाही आणि मीही बघितलं नाही. खरं सांगतो, हे आठवलं की आजही कानाच्या पाळ्या गरम होतात.

ऑपरेशन नीट झालं. त्यात तक्रार नाही. खरी गोष्ट तिसऱ्या रात्रीची आहे.

बाबा आयसीयूत होते. भेटायची वेळ संध्याकाळी पाच ते सहा. आई बाहेरच्या बाकावर. चष्मा आणि कानाचं यंत्र एका पिशवीत घालून आमच्याच हातात दिलेलं, 'हरवलं तर जबाबदारी नको' म्हणून. म्हणजे बाबांना ना नीट दिसत होतं ना ऐकू येत होतं. त्या दिवशी अंगाला खाज सुटली म्हणून त्यांना प्रोमेथाझिन द्यायचं ठरलं. आईनं सिस्टरना सांगितलं, "ह्यांना सर्दी-खाजेच्या औषधानं भ्रम होतो हो, लिहून ठेवलंय मी." सिस्टर म्हणाल्या, "काकू, हे वेगळं औषध आहे." औषध वेगळं होतंच, पण घराणं एकच. सर्दीच्या गोळीतलं क्लोरफेनिरामिन आणि हे प्रोमेथाझिन, दोन्ही ॲलर्जीची जुनी औषधं, दोन्ही ॲसिटिलकोलिन नावाच्या रसायनाचं काम अडवतात. अल्झायमरमध्ये नेमकं तेच रसायन कमी पडत असतं. डोनेपेझिल ते वाढवायला देतात. म्हणजे आमच्याकडे वाढवणारं बंद झालं आणि अडवणारं सुरू झालं.

रात्री दोन वाजता वॉर्डबॉय मामा कपडे बदलायला गेले. त्यांचा हात कमरेला लागताच बाबांनी दोन्ही हात झटकन वर केले. मामांना वाटलं, म्हातारा मारतोय. त्यांनी हात धरले, बाबा ओरडले, लघवीची नळी ओढली गेली. मग दोन्ही हात बेडच्या कठड्याला बांधले आणि झोपेचं इंजेक्शन दिलं. केसपेपरवर शब्द पडला: 'ॲग्रेसिव्ह'.

बाहेर बाकावर आई बसली होती. काचेच्या दाराआड वीस पावलांवर. तिला कोणी विचारलं असतं तर तिनं एका वाक्यात सांगितलं असतं: ते मारत नाहीत हो, झडती देतायत. प्रेसमधून सुटताना रोज झडती व्हायची. कमरेला हात लागला की हात वर करायचे, ही तीस वर्षांची सवय. घरी आई त्यांना आंघोळ घालताना आधी म्हणायची, "झडती झाली, सुटी झाली." मग हात खाली. संपला विषय. इंजेक्शन नको, पट्टे नकोत.

सकाळी बाबा छताकडे बघत पडलेले. हाक मारली तरी नजर स्थिर नाही. मी घाबरून विचारलं तर उत्तर मिळालं, "वय झालंय, त्यात डिमेन्शिया. हे असंच होत जाणार." आई पहिल्यांदाच आवाज चढवून बोलली, "परवा असं नव्हतं. परवा ह्यांनी मला चहा प्यायलीस का विचारलं."

हे वाक्य, मंडळी, माझ्या मते त्या अख्ख्या फाईलमधली सर्वात मोलाची वैद्यकीय माहिती होती. डिमेन्शिया महिन्यावर्षांनी सरकतो. एका रात्रीत माणूस बदलला तर तो डिमेन्शिया नव्हे, तो बहुधा डिलिरियम. म्हणजे अचानक आलेला भ्रम. त्यामागे कारण असतं: लघवीचा संसर्ग, पाणी कमी पडणं, बद्धकोष्ठ, वेदना, चुकीचं औषध. कारण सापडलं तर बऱ्याचदा उतारही पडतो. सापडलं नाही तर माणूस हळूहळू खचतो. आणि फक्त आरडाओरडा म्हणजे डिलिरियम असंही नाही. गप्प, सुस्त पडून राहणारा डिलिरियमही असतो आणि तो तर हमखास नजरेतून सुटतो, कारण गप्प पेशंट कोणाला त्रास देत नाही. काल आणि आज यातला फरक मशीन सांगत नाही. काल ज्यानं पाहिलंय तोच सांगतो. आणि कालचा साक्षीदार आपण बाहेर बाकावर बसवून ठेवलेला असतो!

सुदैवानं त्या दिवशी एक वयस्कर फिजिशियन राउंडला आले. त्यांनी स्टूल ओढलं, आईसमोर बसले आणि म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा." मोजून सात मिनिटं. वही चाळली. प्रोमेथाझिन बंद, पट्टे सोडा, लघवी तपासायला पाठवा, डोनेपेझिल सुरू, चष्मा आणि यंत्र लावा, आणि ह्यांना आत बसू द्या. लघवीत संसर्ग निघाला. तिसऱ्या दिवशी बाबांनी आईला विचारलं, "डबा भरला का?"

सात मिनिटं. एवढंच लागलं होतं.

आता प्रामाणिकपणे सांगतो. बाबा घरी आले पण पूर्वीसारखे नाही. माझं नाव तेव्हापासून त्यांना येत नाही. त्या तीन रात्रींमुळेच असं झालं, असं मी म्हणणार नाही. आजार पुढे जातोच, मोठ्या ऑपरेशननंतर जास्तच जातो. पण त्या तीन रात्री टळू शकत होत्या, हे मात्र म्हणणार आणि ठासून म्हणणार.

आता मूळ मुद्दा. कोणी म्हणेल, एका दवाखान्याचा अनुभव, त्यावर एवढं काय? २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात साठीपुढच्या साधारण ७.४ टक्के लोकांना डिमेन्शिया आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख माणसं. ह्यातल्या प्रत्येकाचं कधीतरी हाड मोडणार आहे, मोतीबिंदू होणार आहे, ताप येणार आहे. म्हणजे ते हाडांच्या, डोळ्यांच्या, पोटाच्या डॉक्टरांकडे जाणार आहेत, जिथे डिमेन्शिया हा 'आपला विषय' नाही.

आणि हे काही नवीन ज्ञान नाही हो. १९०१ मध्ये फ्रँकफर्टच्या इस्पितळात ऑगस्ट डेटर नावाच्या बाईंना दाखल केलं गेलं. अलॉइस अल्झायमर यांनी तपासलेल्या ह्या त्या पेशंट, ज्यांच्यामुळे आजाराला नाव मिळालं. त्या स्वतः धड काही सांगू शकत नव्हत्या. घरात काय काय बदललं, हे त्यांच्या नवऱ्याकडून कळलं. तो रेल्वेत कारकून होता. आजारच मुळात जोडीदाराच्या साक्षीवर उभा आहे! जवळच्या माणसाकडून हिस्टरी घ्यावी, हे वैद्यकीच्या पुस्तकातही लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात मात्र, "आजी, बाहेर थांबा."

इंग्लंडमध्येही हेच होतं बरं का. २०१४ च्या सुरुवातीला जॉन जेरार्ड नावाचे डिमेन्शिया असलेले गृहस्थ पायाच्या जखमांसाठी पाच आठवडे इस्पितळात राहिले. संसर्गामुळे भेटीवर बंधनं होती. घरी आले ते पार खचून, आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये गेले. त्यांची मुलगी निकी जेरार्ड आणि तिची मैत्रीण ज्युलिया जोन्स यांनी 'जॉन्स कॅम्पेन' सुरू केलं. मागणी एकच: डिमेन्शियाच्या पेशंटजवळ त्याच्या माणसाला थांबता आलं पाहिजे. पाहुणा म्हणून नव्हे, उपचाराचा भाग म्हणून. तिथल्या अनेक इस्पितळांनी ते मान्य केलं.

आपल्याकडे तर उलटा विनोद आहे. नातेवाईकानं थांबणं आपल्याकडे रूढच आहे. जनरल वॉर्डात तर नातेवाईक नसेल तर ओरडा बसतो. भांडं द्यायला, कूस बदलायला, रक्ताच्या बाटल्या आणायला नातेवाईक हवाच. म्हणजे तिचे हात चालतात, पाय चालतात, सही चालते, पैसे तर फारच चालतात. फक्त तिचं डोकं चालत नाही. आणि ती म्हातारी बाई असेल, नऊवारी किंवा साध्या सुती साडीत असेल, मराठीत बोलत असेल, तर विचारूच नका. नवरा पेशंट असेल तर बायकोला डावलून मुलगा शोधतात. बायको पेशंट असेल तर निदान नवऱ्याचं अर्धवट ऐकून घेतात. ह्याला काय म्हणायचं ते तुम्हीच ठरवा.

आता आक्षेप. मला मेल येण्याआधीच उत्तरं देतो.

१. "स्टाफ किती कमी असतो माहितेय?" माहितेय. एका सिस्टरकडे किती खाटा असतात ते मी आठ रात्री पाहिलंय. पण म्हणूनच तर! फुकटात मिळणारी, पेशंटला शांत ठेवणारी, सगळं ठाऊक असलेली व्यक्ती दाराबाहेर बसवणं ही काटकसर आहे की उधळपट्टी?

२. "नातेवाईक गर्दी करतात, मारामारी करतात." करतात, आणि ते निंद्यच आहे. महाराष्ट्रात २०१० पासून त्याविरुद्ध कायदाही आहे. पण मी बारा जणांना आत सोडा म्हणत नाही. एक माणूस. नाव ठरलेलं. मास्क घालील, हात धुवील.

३. "जोडीदार चुकीचं सांगत असेल तर?" हा आक्षेप मला पटतो. सगळेच नवरे-बायका देवमाणसं नसतात. म्हणून तर पेशंटलाही विचारा. आधी त्यालाच विचारा. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा सांगतो की मानसिक आजार असलेल्या माणसालाही स्वतःच्या उपचाराबद्दल निर्णय घेण्याची क्षमता असू शकते आणि त्याचा निर्णय इतरांना चुकीचा वाटला एवढ्यावरून ती नाकारता येत नाही. बाबांना ऑपरेशनच्या नोंदी सांगता येत नव्हत्या, पण "दुखतंय" हे सांगता येत होतं. दुखण्याबद्दल त्यांना विचारायचं आणि गोळ्यांबद्दल आईला. एवढा साधा भेद आहे.

आईची एक पद्धत सांगण्यासारखी आहे. चारचौघांत नवऱ्याला खोटं पाडायचं तिच्या जिवावर येतं. म्हणून ती कधीच "ह्यांना काही आठवत नाही" असं त्यांच्यासमोर म्हणत नाही. ती म्हणते, "हे म्हणतात ते बरोबर. फक्त गोळ्या मी देते ना, म्हणून मला पाठ आहेत." आणि खरी माहिती आधीच चिठ्ठीवर लिहून डॉक्टरांच्या हातात सरकवते. बाबांचा मान राहतो, डॉक्टरांचं काम होतं. असलं कौशल्य कुठल्या ट्रेनिंगमध्ये शिकवत नाहीत.

आता तुमच्या-माझ्यासाठी. तुमचे आईवडील अजून ठीक असतील, तर ह्या शनिवार-रविवारीच करा:

एक. एका पानावर माहिती. आजार, चालू औषधं डोससकट, काय दिलं की त्रास होतो, चष्मा-यंत्र-कवळी, कशानं घाबरतात, कशानं शांत होतात. तीन प्रती. 'झडती'सारखी गोष्ट सर्वात वर.

दोन. विसरण्याचा आजार सुरुवातीला असतानाच नियुक्त प्रतिनिधी ठरवा. त्याच २०१७ च्या कायद्यात ती सोय आहे, साध्या कागदावर सही किंवा अंगठा पुरतो. मानसिक आजाराच्या व्याख्येत 'स्मृती' हा शब्द स्पष्ट आहे. हा कायदा मानसिक उपचारांपुरता आहे, हाडाच्या वॉर्डात तो हुकमी पत्ता नाही. पण जोडीदाराचा शब्द ऐका, हे पेशंटनंच शुद्धीत असताना सांगितल्याचा लेखी पुरावा हातात असतो.

तीन. 'मी पॉवर ऑफ ॲटर्नी करून ठेवलीय' अशा भ्रमात राहू नका. आपल्या करार कायद्यानुसार देणाऱ्याची मती गेली की तीही संपते. नेमकी गरज पडते तेव्हाच! मग पालक नेमून घ्यायला कोर्टात जावं लागतं.

चार. कागदपत्रं मागा. वैद्यकीय आचारसंहितेनुसार मागितल्यापासून ७२ तासांत द्यावी लागतात. महाराष्ट्रात रुग्णहक्कांची सनद दवाखान्यात लावणं २०२१ च्या नियमांनी बंधनकारक केलंय. ती सनद शोधा. बहुतेकदा कुंडीच्या मागे असते.

पाच. अचानक बदल दिसला तर "हे काल असे नव्हते, हा डिलिरियम आहे का ते तपासा" हे वाक्य जसंच्या तसं म्हणा. 'डिलिरियम' हा शब्द ऐकला की समोरचा थांबतो, हा स्वानुभव.

आणि सहा, सर्वात महत्त्वाचं. तुम्हाला डॉक्टर इंग्रजीत सगळं सांगू लागले की एक पाऊल बाजूला व्हा. म्हणा, "मला माहिती नाही. आईला विचारा, तिला सगळं माहितेय. मी फक्त तिच्या सोबत आलोय." ह्यानं तुमची इज्जत जात नाही.

दवाखान्यांकडे माझी मागणी तर एका ओळीची आहे. ॲडमिशनच्या फॉर्मवर एक रकाना: 'माहिती कोणाकडून घेतली आणि पेशंटसोबत रोज कोण राहतं?' बस. एक फील्ड वाढवायला किती वेळ लागतो हे मला कोणी सांगू नये, माझं पोट त्यावरच चालतं.

राज्यातल्या डॉक्टरांना आणि सिस्टरांना पदवी देणारं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्या नाशकातच आहे. म्हसरूळला, दिंडोरी रोडवर. दर वर्षी हजारो मुलं तिथली पदवी घेऊन बाहेर पडतात. त्यांतल्या प्रत्येकानं इंटर्नशिपमध्ये एक तास अशा एखाद्या आजींसमोर स्टूल ओढून बसावं आणि म्हणावं, तुम्ही सांगा. खर्च शून्य.

आत्ता हे लिहितोय तेव्हा आत आई बाबांना आंघोळ घालतेय. "झडती झाली, सुटी झाली," ऐकू आलं. वहीतली आजची ओळ मी लिहिणार आहे. ती सांगेल, मी लिहीन.